ओठांवरचा आवाज

व्हीएचएस कॅसेटच्या फितीवर चित्र आणि त्याच क्षणाचा आवाज सहसा शेजारी नसतात. अर्धा इंच रुंदीच्या त्या फितीवर चित्र तिरक्या रेघांत उमटते, ते गरगर फिरणाऱ्या ड्रमवरच्या हेडमुळे. साधा मोनो आवाज उमटतो फितीच्या कडेने, ड्रमच्या पुढे बसवलेल्या एका स्थिर हेडमुळे. या दोन जागांत साधारण आठ सेंटिमीटरचे अंतर असते. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये फीत सेकंदाला सुमारे २३.४ मिलिमीटर सरकते. म्हणजे अंतरपाट दूर झाल्याचे चित्र फितीवर जिथे आहे, त्याच क्षणी वाजलेली वाजंत्री तिथून तीन सेकंदांहून अधिक लांब नोंदलेली असते. तरीही टीव्हीवर दोन्ही बरोबर एकत्र येत, कारण चित्रण करणाऱ्या आणि कॅसेट दाखवणाऱ्या यंत्रांत हे अंतर काटेकोरपणे सारखे ठेवलेले असे.

घरगुती चित्रफितींतला आवाज का सरकतो, हे समजून घ्यायला ही गोष्ट फार उपयोगी आहे. चित्र आणि आवाज हे जन्मापासूनच स्वतंत्र आहेत. डोळे ऐकत नाहीत आणि कान पाहत नाहीत, तसेच यंत्रातही या दोघांच्या वाटा वेगळ्याच राहतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारी काहीतरी व्यवस्था लागते. कॅसेट संगणकावर उतरवताना, मोबाइलचे चित्रण जोडताना किंवा दोन यंत्रांवर घेतलेले मुद्रण एकत्र करताना ती व्यवस्था सुटते आणि आजोबांचे ओठ हलून गेल्यावर त्यांचे शब्द ऐकू येऊ लागतात.

फिल्मच्या काळातही हे होतेच. कोडॅकने १९७३ मध्ये घरगुती वापरासाठी आवाजाची सुपर एट फिल्म आणली. तिच्या कडेला चुंबकीय पट्टी असे आणि त्यावरचा आवाज संबंधित चित्राच्या १८ फ्रेम पुढे असे. कारण साधे होते. भिंगासमोर फिल्मला प्रत्येक फ्रेमसाठी क्षणभर थांबावे लागते, तर आवाजाच्या हेडवरून ती अखंड सरकावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच जागी होऊ शकत नाहीत. सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने चित्रण केले असेल, तर हे अंतर बरोबर एक सेकंदाचे. त्यामुळे हौशी माणसाने फिल्म कापून जोडली की प्रत्येक जोडाजवळ एका दृश्याचा सेकंदभर आवाज दुसऱ्या दृश्यावर चढे.

व्यावसायिक चित्रपटांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी लागलेल्या 'आलम आरा'साठी अर्देशीर इराणी यांनी चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी नोंदवणारी व्यवस्था वापरली होती. पुढे कॅमेरा वेगळा आणि ध्वनिमुद्रण वेगळे, ही पद्धत रुळली आणि दोन्ही यंत्रे एका तालात ठेवणे हे स्वतंत्र शास्त्र झाले. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीने तर कित्येक दशके संवाद नंतर डबिंगमध्ये भरून घेतले. नट स्टुडिओत येई, पडद्यावरचे आपले ओठ पाही आणि पुन्हा बोले. घरच्या कॅसेटला ही सोय नाही. तीस वर्षांपूर्वीच्या बारशात पणजीने म्हटलेला पाळणा पुन्हा म्हणायला पणजी येणार नाही. जो आवाज आहे तोच सांभाळून, त्याच ओठांवर बसवावा लागतो. म्हणून हे काम नीट शिकून करण्यासारखे आहे.

माणसाला ही चूक किती लवकर कळते, याचे मोजमाप झालेले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रसारणासाठी दिलेल्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, तर ते प्रेक्षकांच्या लक्षात येऊ लागते. आवाज उशिरा आला, तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जाते. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे आवाज जेमतेम एका फ्रेमहून जास्त पुढे गेला की खटकतो, पण तीन फ्रेम मागे पडला तरी खपतो. हा भेदभाव निसर्गाने शिकवलेला आहे. प्रकाश आवाजापेक्षा कितीतरी वेगवान असल्याने दूरचा माणूस बोलताना आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. आवाज आधी आणि कृती नंतर, असे जगात कुठेच घडत नाही. घरी दुरुस्ती करणाऱ्याने यातून एक सवय लावून घ्यावी: दोन फ्रेमच्या मध्ये नेमके कुठे बसवावे असा संभ्रम पडला, तर आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीही नाही.

आवाज आणि ओठ यांची सांगड मेंदू किती घट्ट घालतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसलेले अर्धवटराव बोलतात तेव्हा आवाज पाध्यांच्या गळ्यातून येतो, पण हलते ते बाहुल्याचे तोंड. प्रेक्षक तो आवाज बाहुल्याला देऊन टाकतात. ही जादू टिकते ती बाहुल्याचे तोंड शब्दाबरोबर अचूक उघडते म्हणून. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'नेचर'मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. 'बा' हा आवाज आणि 'गा' म्हणणारे ओठ एकत्र दाखवले, तर बहुतेक प्रौढांना 'दा' ऐकू येते. डोळे कानांना इतके बदलवू शकतात. जुन्या कॅसेटमध्ये आजीचे बोलणे 'अस्पष्ट' वाटते, तेव्हा अनेकदा दोष मायक्रोफोनचा नसतोच. ओठ भलत्याच अक्षराचे दिसत असतात. आवाज जागेवर बसवला की तेच बोलणे समजू लागते.

दुरुस्तीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्याची बटणेही अवघड नसतात. अवघड असते ते निदान. इथेच बहुतेक जण घाई करतात.

पहिला संशय फाइलवर घेऊच नये. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज हवेतून पाठवण्यापूर्वी दाबला आणि नंतर उलगडला जातो. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. काही प्लेअर चित्र तेवढेच थांबवून हे झाकतात, पण संपादनाच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ती सोय असेलच असे नाही. टीव्हीचेही तसेच: चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत तो वेळ घेतो आणि आवाज वेगळ्या वाटेने साउंडबारकडे निघून जातो. म्हणून आधी वायरचा हेडफोन लावावा आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावरही पाहावी. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के ही अक्षरे दाबली की आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागे-पुढे सरकतो. फाइलमध्ये त्याने काहीच बदलत नाही, पण दोष अंदाजे किती आहे ते कळते.

फाइलच दोषी आहे हे ठरले, की तिच्यातली तीन ठिकाणे तपासायची: सुरुवात, मध्य आणि शेवट. प्रत्येक ठिकाणी आवाज किती मागे किंवा पुढे आहे ते कागदावर लिहून काढायचे. आजाराचे नाव हे तीन आकडेच सांगतात. तिन्ही सारखे असतील, तर सबंध आवाज एकदाच सरकवला की काम संपले. सुरुवातीला शून्य, मध्याला पाऊण सेकंद आणि शेवटी दीड सेकंद असे असेल, तर आवाज हळूहळू घसरतो आहे आणि त्याची लांबी बदलावी लागेल. सुरुवातीला शून्य, मध्यालाही शून्य आणि शेवटी एकदम दीड सेकंद असेल, तर मध्येच कुठेतरी उडी पडली आहे. उडीच्या आजाराला घसरणीचे औषध दिले, तर आधी बरोबर असलेला पहिला अर्धा तासही बिघडतो. फक्त सुरुवात पाहून सरकवणारा आणि फक्त शेवट पाहून ताणणारा, दोघेही इथेच फसतात.

मोजण्यासाठी चित्रात अशी जागा हवी की जिथे कृती आणि आवाज दोन्ही टोकदार आहेत. चित्रपटवाले त्यासाठी क्लॅप मारतात. घरच्या समारंभात क्लॅप नसतो, पण मराठी घरांतले विधी याबाबतीत फार उदार आहेत. वास्तुशांतीला किंवा गाडीच्या पूजेला फोडलेला नारळ हा तर उत्तम क्लॅप. आरतीतल्या टाळ्या, टाळ-झांजा, घंटेवर पडलेला टोल, मंगलाष्टके संपताक्षणी झालेला टाळ्यांचा कडकडाट (त्यातली जवळून दिसणारी एखादीच जोडी धरावी), ओट्यावर ठेवलेले पातेले, मिटलेले दार, हे सगळे चालते. टाइमलाइन मोठी करून आवाजाच्या आलेखात तो उंच सुळका शोधायचा, मग चित्रात फ्रेमफ्रेमने पुढे जात नारळ दगडाला टेकल्याची पहिली फ्रेम शोधायची आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. गुणिले ४० केले की मिलिसेकंद मिळाले.

काहीच आपटत नसेल आणि नुसते बोलणे असेल, तर बाराखडी कामाला येते. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ पूर्ण मिटावे लागतात. 'बाबा', 'पोपट', 'मामी' असा शब्द गाठावा. ओठ मिटलेली शेवटची फ्रेम आणि त्यानंतर फुटणारा 'ब' किंवा 'प' यांचे नाते पक्के असते. 'म' मात्र ओठ मिटलेले असतानाच नाकातून सुरू होतो, त्यामुळे अचूक मोजमापाला 'प' आणि 'ब' अधिक भरवशाचे. क, त, ल यांच्या नादी लागू नये. ती तोंडाच्या आत घडतात.

सगळीकडे सारखाच फरक असेल, तर दुरुस्ती मिनिटाभराची आहे. चित्र आणि आवाज यांची टाइमलाइनवरची जोडणी सोडवायची, आवाज हवा तेवढा सरकवायचा आणि पुन्हा जोडणी करायची. शेवटची पायरी अनेक जण विसरतात. मग पुढे कधीतरी दृश्य हलवताना आवाज जागेवरच राहतो आणि नवा दोष तयार होतो. संपादनाचे काही प्रोग्राम असे सुटलेले तुकडे लाल आकड्याने दाखवतात. तो आकडा म्हणजे किती फ्रेमचा फरक पडला आहे त्याची नोंद असते.

घसरण अधिक रंजक आहे, कारण तिच्यामागे घड्याळे आहेत. कॅसेट संगणकावर उतरवताना चित्र एका कार्डातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून घेतला, तर दोन स्वतंत्र क्वार्ट्झ स्फटिक दोन वेळा मोजत असतात. असा स्फटिक दहा लाखांत ५० भागांनी चुकला, तरी ती चूक एका तासात १८० मिलिसेकंदांची होते, म्हणजे साडेचार फ्रेमची. लग्नाची नेहमीची तीन तासांची ई-१८० कॅसेट पूर्ण उतरवली, तर वरात येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक पडलेला असतो. १९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्ही कॅसेटमध्येही याचे एक रूप दडलेले आहे. पाल पद्धतीत ४८ किलोहर्ट्झ आवाजाचे प्रत्येक फ्रेममागे १९२० नमुने यायला हवेत. घरगुती कॅमेऱ्यांना मात्र त्यात थोडी कमी-जास्त सूट होती. कॅसेट कॅमेऱ्यातून पाहताना ते कळत नसे, कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेमला तिचा आवाज देतच जाई. संगणकाने आवाज वेगळा काढून सलग लावला की तो फरक साठत जातो.

दुरुस्तीचे गणित शाळेतल्या गुणोत्तराचे आहे. सुरुवात जुळते आणि ५० मिनिटांनी फुटलेल्या नारळाचा आवाज दीड सेकंद उशिरा येतो, असे समजू. चित्राला ३००० सेकंद लागले, आवाजाला ३००१.५. भागाकार १.०००५. म्हणजे आवाजाचा वेग ०.०५ टक्क्यांनी वाढवायचा. ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रामात दोन पर्याय दिसतील: एक वेग बदलताना सूरही बदलणारा, दुसरा सूर कायम ठेवून फक्त लांबी बदलणारा. ऐकायला दुसरा चांगला वाटतो, पण एवढ्या लहान फरकासाठी पहिलाच निवडावा. ०.०५ टक्क्यांनी सूर एका अर्धस्वराच्या शंभराव्या भागाहूनही कमी चढतो आणि तो कुणाच्याही कानाला कळत नाही. सूर कायम ठेवणारी पद्धत आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडते. तानपुऱ्यासारख्या अखंड नादावर ते जोड जाणवू शकतात. कुणाच्या घरच्या मैफलीचे मुद्रण असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

काही घसरणी मात्र घड्याळाच्या नसतात, चुकीच्या आकड्याच्या असतात. त्यांना ताणण्याचे औषध देऊ नये. ४८ किलोहर्ट्झवर नोंदलेला आवाज प्रोग्रामने ४४.१ समजून वाजवला, तर एक तासाचे बोलणे ६५ मिनिटे १८ सेकंद चालते आणि सगळे जण जड, थकल्या आवाजात बोलू लागतात. इथे फाइलला तिचा खरा आकडा सांगणे एवढेच करायचे असते. दुसरा आकडा अमेरिकेहून येतो. तिथले नातेवाईक नातवंडांच्या वाढदिवसाच्या कॅसेट पाठवत, त्या एनटीएससी पद्धतीच्या. इथल्या साध्या व्हीसीआरवर त्या धड दिसत नसत, म्हणून कित्येक घरांत त्या तशाच राहून गेल्या आणि आता पहिल्यांदाच उघडल्या जात आहेत. त्या पद्धतीत सेकंदाला ३० नव्हे, २९.९७ फ्रेम असतात. उतरवताना किंवा संपादनात ३० असे निवडले, तर चित्र हजारात एक भाग लवकर संपते आणि तासाच्या शेवटी आवाज ३.६ सेकंद मागे पडतो. तीन ठिकाणांच्या तपासणीत तासाला नेमका ३.६ सेकंदांचा हिशेब निघाला, तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये २९.९७ करावे.

आता उडी. तिने सर्वाधिक त्रास होतो आणि ती सर्वाधिक आढळतेही. जुन्या फितीवर जिथे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला, जिथे फीत चुरगळली, जिथे दमट हवेत बुरशी धरली, तिथे चित्राचा संकेत क्षणभर तुटतो. आवाज संगणकाकडे जातच राहतो, पण तुटलेल्या चित्रातून कॅप्चर कार्डाला फ्रेम तयार करता येत नाहीत आणि ते त्या सोडून देते. प्रत्येक सुटलेल्या फ्रेमगणिक पुढचे सगळे चित्र ४० मिलिसेकंद लवकर येऊ लागते आणि आवाज तेवढा मागे राहतो. २५ फ्रेम सुटल्या की सेकंद गेला.

उडीची जागा शोधण्यासाठी सबंध कॅसेट पाहत बसावे लागत नाही. मध्याला जुळते आणि शेवटी जुळत नाही, तर त्या दोघांच्या मधोमध पाहावे. तिथेही जुळत असेल तर उरलेल्या भागाच्या मधोमध. असे दर वेळी निम्मे करत गेले, तर तीन तासांच्या कॅसेटमध्ये आठव्या तपासणीला जागा मिनिटाभरात येऊन ठेपते. तिथे बहुधा चित्रावर पांढऱ्या रेघा किंवा एक झटका दिसतोच. त्या जागी आवाज कापायचा आणि पुढचा सगळा आवाज चित्राकडे ओढून घ्यायचा. कापताना शब्दाच्या मध्ये कात्री पडू नये. शेजारची शांतता किंवा गर्दीचा सलग कल्लोळ शोधावा आणि जोडावर दोन-चार फ्रेमची एकमेकांत मिसळण देऊन टाकावी. मग पुढची उडी.

खराब कॅसेटमध्ये अशा वीस-पंचवीस उड्या असतील, तर कात्री खाली ठेवावी आणि ती कॅसेट पुन्हा उतरवावी. फितीतून येणाऱ्या चित्राच्या रेघा वेळेवर पुन्हा मांडून देणारे टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण असते. काही उंची व्हीसीआरमध्ये ते आतच असे. ते मध्ये जोडले की कार्डाला अखंड संकेत मिळतो आणि फ्रेम सुटणे जवळजवळ थांबते. व्हर्च्युअलडबसारखे जुने, विनामूल्य प्रोग्राम सुटलेल्या फ्रेमची संख्या उतरवतानाच दाखवतात. तो आकडा शून्याच्या जवळ ठेवणे हे नंतरच्या कित्येक तासांच्या दुरुस्तीपेक्षा मोलाचे आहे. ही संधीही कायमची नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यानंतर जी चालू यंत्रे आहेत, ती जुन्यातलीच आहेत.

मोबाइलने कॅसेट संपवली, पण हा प्रश्न संपवला नाही. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण प्रत्येक सेकंदाला ३० देतोच असे नाही. समईच्या मंद उजेडात चित्र उजळ यावे म्हणून तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेम कमी होतात. फोन तापला, तरी तेच. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमपुढे तिची वेळ लिहिलेली असल्याने मोबाइलवर सगळे जुळलेले दिसते. संपादनाच्या अनेक प्रोग्रामांनी मात्र फ्रेम समान अंतरावर आहेत असे गृहीत धरले आणि आवाज कुठे पुढे, कुठे मागे डोलू लागला. मीडियाइन्फो या छोट्या प्रोग्रामात फाइल उघडली की फ्रेमचा वेग स्थिर आहे की बदलता ते लिहून येते. बदलता असेल, तर संपादनाआधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगने ती स्थिर वेगाची करून घ्यावी. संपादन अर्ध्यावर आल्यावर हे करायला गेले, तर आधी कापलेले सगळे तुकडे पुन्हा बसवावे लागतात.

गाणे, कीर्तन, घरचा सत्कार अशा प्रसंगी हल्ली कॅमेरा मागे आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर पुढे ठेवतात. हे फार चांगले आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी आणि शेवटी दुसरी, म्हणजे सरकलेपण आणि घसरण दोन्ही मोजता येतात. टाळी राहिलीच, तर दा विंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजाशी रेकॉर्डरचा आवाज ताडून पाहतात. एक आलेख दुसऱ्यावरून सरकवत सर्वाधिक साम्य जिथे मिळेल तिथे तो टेकवतात.

पण इथे एक बारीक गोष्ट निसटते आणि ती माहीत असलेली बरी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ ३ मिलिसेकंद. कॅमेरा सभागृहात २० मीटर मागे असेल, तर त्याच्या मायक्रोफोनला गाणे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचलेले असते. रेकॉर्डर गायिकेच्या पुढ्यात असतो, त्याला लगेच मिळते. प्रोग्राम दोन्ही आवाज एकमेकांशी अचूक जुळवतो, म्हणजेच रेकॉर्डरचा स्वच्छ आवाजही कॅमेऱ्याइतकाच उशिरा बसवतो. भिंगाने चेहरा जवळ आणलेला असेल, तर हा दीड फ्रेमचा फरक मुरकीवर आणि सम पकडताना जाणवतो. स्वयंचलित जुळणीनंतर रेकॉर्डरचा आवाज त्या अंतराइतका हाताने पुढे घ्यावा.

सगळे झाल्यावर तयार झालेली अंतिम फाइलच पाहावी, टाइमलाइन नव्हे. पुन्हा तीच तीन ठिकाणे तपासावीत. मूळ उतरवलेली फाइल, तिच्यातल्या सगळ्या दोषांसह, जपून ठेवावी आणि तिच्या नावाशेजारी दुरुस्तीचे आकडे लिहावेत, उदाहरणार्थ 'आवाज ०.०५ टक्के जलद, १२ व्या मिनिटाला १८ फ्रेम पुढे'. पुढच्या पिढीकडे अधिक चांगली साधने असतील. त्यांना आपला निकाल नव्हे, कच्चा माल लागेल.

एक प्रसंग असा येतो की जिथे मोजमाप बरोबर असते आणि तरीही निर्णय घ्यावा लागतो. विसर्जनाची मिरवणूक गच्चीवरून टिपलेली असते. शंभर मीटरवर ढोल-ताशाचे पथक आहे आणि भिंगाने ते जवळ आणले आहे. टिपरू ढोलावर पडते आणि ठोका २९० मिलिसेकंदांनी, सात फ्रेम उशिरा ऐकू येतो. कॅमेऱ्याची चूक नाही, फाइलची नाही. त्या गच्चीवर उभ्या माणसाने अगदी हेच ऐकले होते. तरीही पडद्यावर ढोल जवळ दिसत असल्याने पाहणाऱ्याला तो दोषच वाटतो. चित्रपटाचे संपादक अशा वेळी आवाज चित्राकडे ओढतात आणि घरच्या चित्रणातही जवळ आणलेल्या दृश्यापुरते तसे करायला हरकत नाही. भिंग मागे घेऊन सबंध रस्ता दिसू लागला की आवाज पुन्हा त्याच्या खऱ्या वेळेवर सोडावा. ओढण्याआधी त्या तुकड्यात कॅमेऱ्याजवळचे कुणी बोलले आहे का तेही ऐकावे. गच्चीवरच्या कुणी 'मोरया' म्हटले असेल आणि त्याच वेळी तो चित्रात येत असेल, तर त्याचा आवाज त्याच्या ओठांवर आधीच बरोबर बसलेला असतो. ढोलासाठी सात फ्रेम ओढल्या की तो सात फ्रेम आधी ओरडू लागतो. अशा तुकड्याला हात न लावलेला बरा.